मिश्री, दाणे आणि दोन रेषा

साताऱ्या-सांगलीकडे मिश्रीची डबी अजून कित्येक घरांत सापडते. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना लावायची. पहाटे एकदा, भांगलणीला जाण्याआधी एकदा, भाकऱ्या उरकल्यावर पुन्हा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेताना आढळले.

ही सवय सोडवताना शंभर जणींची सरासरी अपुरी पडते. समोर बसलेल्या एकीला दोनपैकी कोणता उपाय लागू पडेल, हे सरासरी सांगत नाही. त्यासाठी एकाच व्यक्तीवर करायचे काटेकोर प्रयोग आहेत.

१९६४ साली सिएटलच्या एका बालवाडीतला असा प्रयोग प्रसिद्ध झाला. चार वर्षांची एक मुलगी एकटीच राही. ती मुलांत मिसळली तरच बाई तिच्याकडे लक्ष देऊ लागल्या. तिचं मिसळणं वाढलं. मग नियम मुद्दाम उलटा केला, तेव्हा ते घटलं. पुन्हा सुलटा केल्यावर वाढलं. गुण बाईंच्या लक्षाचा होता, हे स्पष्ट झालं.

व्यसनात मात्र सुटत आलेली सवय पुन्हा लावणं अमानुष ठरेल. म्हणून १९७६ साली हार्टमन आणि हॉल यांनी सिगारेटच्या आहारी गेलेल्या एका माणसासाठी रोजची मर्यादा पायरीपायरीने खाली आणली. दर पायरीला आकडाही तिच्यामागोमाग उतरला, तर तो योगायोग म्हणता येत नाही.

दोन उपायांची तुलना करायची, तर ते आलटून-पालटून द्यायचे. ही पद्धत बार्लो आणि हेज यांनी १९७९ साली मांडली. समजा, कराडजवळच्या एका बाईंना मिश्री सोडायची आहे. आधी काहीही न बदलता नुसती मोजणी. लिहिता येत नसेल, तर मिश्री लावली की वाटीत ज्वारीचा एक दाणा. नुसतं मोजल्यानेही सवय थोडी घटते, म्हणून आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं. इथे घाई केली की सगळा प्रयोग फुकट. मग रोज सकाळी चिठ्ठी काढायची: आज तलफ आली की बडीशेप, की दहा मिनिटं कळ काढायची? आलेखावर दोन उपायांच्या दोन रेषा. त्या स्पष्ट वेगळ्या झाल्या, तर या बाईंपुरतं उत्तर मिळालं. कालच्या उपायाचा असर आज रेंगाळत असेल, तर रेषा एकमेकींत गुंततात. तेव्हा मधे मोकळे दिवस सोडावे लागतात.

साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ संस्था व्यसनमुक्तीचं काम करते. अशा कामात ही पद्धत वापरायला महागडं यंत्र लागत नाही. मात्र कराडचा निकाल विट्याच्या बाईंना परस्पर लावायचा नाही. तिथे मोजणी पहिल्यापासून.