भाग ४१ : इंग्लिश शिकायचं ध्येय आणि तासांचा हिशोब

मागच्या भागात आपण बायोडेटा कसा लिहायचा ते बोललो. त्यानंतर आलेल्या मेसेजमध्ये एकच वाक्य सारखं दिसत होतं: "दादा, इंग्लिश सुधारायचंय, काय करू?" लिहिणारे वैरागचे, बार्शीचे, मोहोळचे. कुणी पुण्यात कॉट बेसिसवर राहून इंटरव्ह्यू देतंय, कुणी पॉलिटेक्निकला आहे, एक ताई दोन वर्षांच्या लेकराला झोपवून रात्री ऐकतात. सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. पण त्या वाक्यातच एक गडबड आहे, आणि आजचा भाग तिच्यावर आहे. (खालचा मजकूर ऑडिओवरूनच उतरवलाय, घाईत राहिलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्यात.)

"सुधारायचंय" म्हणजे नक्की कुठवर? आमच्या टीममध्ये कुणी तिकीट टाकलं की "ॲप फास्ट करा", तर ते त्याच दिवशी परत जातं. कुठली स्क्रीन, आत्ता किती सेकंद लागतात, किती लागायला हवेत, हे लिहिल्याशिवाय कुणी त्याला हात लावत नाही. कारण ते काम संपलं कधी हे कळणारच नाही. इंग्लिशचंही तसंच आहे.

आधी तासांचा हिशोब करू, कारण पैसे आणि वर्षं तिथंच जातात. युरोपात भाषेच्या पातळ्या मोजायची एक पट्टी आहे, ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या. ए२ म्हणजे रोजच्या साध्या गोष्टी, भाव, पत्ता, वेळ, घरचं-दारचं बोलता येणं. बी१ म्हणजे आपला अनुभव सांगता येणं, एखाद्या मताचं कारण देता येणं, प्रवासात अडलं तर निभावून नेणं. बी२ म्हणजे कामाच्या विषयावर समोरच्याशी बऱ्यापैकी सहज चर्चा. केंब्रिजच्या परीक्षा घेणारी संस्था याला अंदाजे तास देते, तेही शिक्षकाच्या मार्गदर्शनाखालचे: शून्यापासून ए२ पर्यंत १८० ते २००, बी१ पर्यंत ३५० ते ४००, बी२ पर्यंत ५०० ते ६००.

आता आपल्याकडच्या कुठल्याही एसटी स्टँडजवळची ती जाहिरात आठवा, "९० दिवसांत फाडफाड इंग्लिश". रोज एक तास, रविवार सुट्टी, म्हणजे तीन महिन्यांत साधारण ७८ तास. ए२ वरून बी१ ला जायला अंदाजे पावणेदोनशे तास लागतात. म्हणजे तो क्लास कितीही चांगला असला, सर कितीही तळमळीचे असले, तरी एका पायरीच्या निम्म्यापर्यंतच नेणार. क्लास लावू नका असं मी म्हणत नाही. पण नव्वदाव्या दिवशी फाडफाड बोलता आलं नाही की पोरगं स्वतःला ढ समजायला लागतं, "आपल्या डोक्यातच नाही" म्हणतं आणि सोडून देतं. फी गेली ती गेली, वर आत्मविश्वासही गेला. हा हिशोब कुणी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिला असता तर बरं झालं असतं.

"पण आम्ही पहिलीपासून इंग्रजी शिकलोय की!" बरोबर. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी ते पाचवीपासून असायचं. माझी आणि तुमची पिढी त्यातलीच. मग दहा वर्षांत बोलता का आलं नाही? कारण दहावीला आपलं ध्येय बोलायचं नव्हतंच, ते ३५ मार्कांचं होतं. निबंध पाठ, पत्राचा नमुना पाठ, गाळलेल्या जागा. ते ध्येय आपण व्यवस्थित गाठलं, अगदी ठरल्याप्रमाणे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला व्हायवा इंग्लिशमध्ये निघाली तेव्हा वर्गातली निम्मी पोरं उत्तर येत असून गप्प उभी होती, ती याच कारणाने.

आता एका इंग्रज मास्तरची गोष्ट सांगतो, कारण मला स्वतःला ध्येय ठरवण्याबाबत सगळ्यात कामाचा विचार त्यांच्याकडे सापडला. मायकेल वेस्ट हे शंभर वर्षांपूर्वी बंगालमध्ये, ढाक्याला, शिक्षण खात्यात होते. त्यांनी पाहिलं की शाळेत आलेल्या मुलांपैकी बरीच मुलं मधेच शाळा सोडतात. अभ्यासक्रम मात्र असा, की शेवटपर्यंत टिकला त्यालाच फायदा. मधे सोडणाऱ्याच्या हाती काय? काहीच नाही. १९२६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी यासाठी विम्यातला शब्द वापरला: सरेंडर व्हॅल्यू. तुमच्या घरी एलआयसीची पॉलिसी असेल तर वडिलांना विचारा, ते लगेच सांगतील. मुदतीआधी पॉलिसी मोडली तर जे हातात पडतं ते.

वेस्ट यांचं म्हणणं असं, की भाषेचं शिक्षण कुठल्याही टप्प्याला मोडलं तरी शिकणाऱ्याच्या हातात काहीतरी वापरता येण्यासारखं उरलं पाहिजे. त्यांच्या काळातल्या बंगाली मुलांसाठी ते वाचन होतं, कारण थोडं वाचता आलं तरी पुस्तकातून ज्ञान मिळायला सुरुवात होते. आपल्यासाठी ते वेगळं असू शकतं. पण कसोटी तीच लावा: मी दोन महिन्यांनी हे सोडलं, तर माझ्याकडे काय उरेल? उत्तर "बारा काळांपैकी सात काळ" असं असेल, तर ध्येय चुकलंय. उत्तर "माझ्या प्रोजेक्टबद्दल दोन मिनिटं न अडखळता सांगता येतं" असं असेल, तर दोन महिन्यांनी सोडा नाहीतर चालू ठेवा, ते तुमचं झालं.

याचं आपल्याच मातीतलं उदाहरण आनंदीबाई जोशी. पुढची पहिली महिला डॉक्टर हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांचं इंग्लिश कसं वाढत गेलं ते बघा. ध्येय इंग्लिश हे नव्हतं, ध्येय डॉक्टर व्हायचं. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं, त्यानंतरचं ते ध्येय. इंग्लिशचं पहिलं खरं काम होतं पत्रं लिहिणं: न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार १८८० च्या सुमारास सुरू झाला. अमेरिकेला जाता आलं नसतं तरी पत्र लिहिता येणं हातात उरलंच असतं. पुढचं काम, २४ फेब्रुवारी १८८३ ला सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात इंग्लिशमध्ये भाषण. वय अठराही पूर्ण नाही. आणि विषय कुठला? "अमेरिकेला का जाते? इथे शिकता येत नाही का? एकटी का? जातीबाहेर टाकलं तर?" लोक हेच प्रश्न त्यांना सारखे विचारत होते. ज्याची उत्तरं मनात शंभरदा दिली होती, तेच त्या बोलल्या. एप्रिलमध्ये बोटीत बसल्या आणि मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजातून एमडी झाल्या. (या गोष्टीत गोपाळरावांना आदर्श शिक्षक म्हणून रंगवतात, ते मला पटत नाही. मारहाण करून शिकवण्याला शिकवणं म्हणू नये.)

जवळचं हवं असेल तर बार्शीचे रणजितसिंह डिसले गुरुजी. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज, दहा लाख डॉलर, त्यातला निम्मा वाटा त्यांनी बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना दिला, हे पेपरात आलंच होतं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत ते रुजू झाले तेव्हा तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तकं दुसऱ्याच भाषेत. मग गुरुजी कन्नड शिकले आणि पहिली ते चौथीची पुस्तकं मुलांना कळतील अशी केली. "मला कन्नड सुधारायचंय" असं काही नव्हतं तिथं. समोर चौथीपर्यंतची पोरं होती आणि त्यांची पुस्तकं होती, एवढीच त्या कन्नडची हद्द.

मग तुमची हद्द आखा. आधी एक प्रसंग निवडा, जो पुढच्या दोन-तीन महिन्यांत खरंच येणार आहे. कॅम्पस इंटरव्ह्यू, व्हायवा, कस्टमरचा कॉल, लेकराच्या शाळेतली पालकसभा. मग त्या प्रसंगात तुम्हाला काय करून दाखवायचंय ते लिहा, क्रियापदात. "प्रोजेक्ट समजावून सांगणे, आणि त्यावरच्या तीन प्रश्नांना उत्तर देणे." एवढंच.

शब्दांचं म्हणाल तर घाबरू नका, पण फसूही नका. वेस्ट यांनीच १९५३ मध्ये साधारण दोन हजार सर्वाधिक उपयोगी शब्दांची यादी केली होती. २०१३ मध्ये तिची नवी आवृत्ती आली, सुमारे २८०० शब्दांची, आणि ती सामान्य इंग्लिश मजकुराचा जवळपास ९२ टक्के भाग व्यापते असं करणारे सांगतात. नेटवर फुकट मिळते. ऐकायला झकास वाटतं, पण उरलेले आठ टक्के म्हणजे दर बारा-तेरा शब्दांमागे एक अनोळखी. म्हणजे जवळजवळ प्रत्येक ओळीत ठेच. आणि तो अडणारा शब्द बहुतेक वेळा त्या विषयाचाच असतो. म्हणून यादी पाठ करत बसण्यापेक्षा यादीतलं जे येत नाही ते, अधिक आपल्या कामाचे शंभर-दीडशे शब्द, असं जोडकाम करा. नर्सिंगवालीचे वेगळे, अकाउंटवाल्याचे वेगळे.

आता सरावाची पद्धत. हिला ४-३-२ म्हणतात. १९८३ मध्ये कीथ मॉरिस नावाच्या शिक्षकाने मांडली. एकच विषय आधी चार मिनिटं बोलायचा, मग तोच तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत, दर वेळी नव्या माणसासमोर. एकटे असाल तर मोबाईलचा रेकॉर्डर चालेल. होतं काय, की मराठीत आपण क्रियापद शेवटी टाकतो, इंग्लिशमध्ये ते कर्त्याला चिकटून लगेच येतं. त्यामुळे मनात मराठी वाक्य पूर्ण करून मग उलटवत बसलो की तोंड उघडं राहतं. तिसऱ्या फेरीत उलटवायला वेळच नसतो, शब्दांचे गठ्ठे तयार होऊन बाहेर पडतात. पहिल्या दिवशी भयंकर वाटतं. रेकॉर्डिंग डिलीट करू नका, तारीख टाकून ठेवा. महिन्याने तोच विषय पुन्हा रेकॉर्ड करा आणि दोन्ही ऐका. ॲपवरचा दोनशे दिवसांचा स्ट्रीक ॲप उघडल्याचं सांगतो. ही दोन रेकॉर्डिंगं बोलता येतंय का ते सांगतात.

वेळ कधी काढायचा? "रोज अर्धा तास करीन" हे टिकत नाही. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलंय की "अमुक झालं की मी तमुक करणार" असं जर-तरच्या भाषेत ठरवलेलं जास्त पार पडतं. म्हणजे "बार्शीची एसटी स्टँडबाहेर पडली की हेडफोन लावणार." "रात्री मोबाईल चार्जिंगला लावायच्या आधी एक ४-३-२ करणार." त्या ताईंसाठी: बाळ झोपलं की, पाळण्याची दोरी सोडल्याबरोबर. आवाज नको असेल तर ओठांतल्या ओठांत बोला, चालतं.

अर्धा तास रोज धरला तर ए२ वरून बी१ ला साधारण एक वर्ष. वर्ष ऐकून धस्स होतं, मला माहितीये. पण वर्षाचे सहा तुकडे करा, दोन-दोन महिन्यांचे, आणि प्रत्येक तुकड्याला एक प्रसंग द्या. चौथ्या तुकड्यानंतर घरची सुगी आली, नोकरी लागली, काही झालं आणि थांबलात, तरी चार प्रसंग तुमचे झालेले असतील.

या आठवड्याला एवढं करा: तुमचा प्रसंग एका ओळीत लिहून नेहमीच्या नंबरवर पाठवा. मराठीतच लिहा. "इंग्लिश सुधारायचंय" असा मेसेज आला तर मी फक्त "कशासाठी?" एवढंच उत्तर देणार आहे. आलेल्यांतले चार-पाच प्रसंग घेऊन पुढच्या भागात आपण त्यांचे शब्द आणि प्रश्न काढू. इंटरव्ह्यूवाले जास्त असतील, पण पालकसभेचा एक तरी नक्की घेणार.