आभाळाची तहान

जयपूरच्या नळाला येणारं पाणी आणि टोंक जिल्ह्यातल्या मोहरीला मिळणारं पाणी एकाच साठ्यातलं. बनास नदीवरचं बिसलपूर धरण, जयपूरपासून सुमारे 120 किलोमीटरवर. काठोकाठ भरलं की 38.7 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातलं 16.2 टीएमसी पिण्यासाठी राखलेलं, सिंचनाला 8. नोव्हेंबरात कालव्याला पाणी सोडायचं तर पिकाला किती लागेल हे आधीच ठरवावं लागतं. पण पीक अजून धड उगवलेलंही नाही! त्याची तहान आत्ताच कशी सांगणार?

सांगता येते, कारण ती तहान पिकाची नसतेच फारशी. ती आभाळाची असते. गव्हाचं रोप मुळांनी ओढलेल्या शंभर थेंबांतले एखाद-दोनच अंगी ठेवतं. बाकीचे पानांच्या रंध्रांतून सरळ हवेत. एवढी उधळपट्टी कशाला? हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर रंध्रं उघडावी लागतात, आणि दार उघडलं की पाणी निसटतं. किती निसटेल, हे मुख्यतः ऊन, वारा, तापमान आणि हवेतला दमटपणा ठरवतात. हे चारही शेतात पाऊल न ठेवता मोजता येतात.

सगळ्यांत साधं साधन म्हणजे धातूचं एक उघडं गोल भांडं. व्यास 120.7 सेंटिमीटर, खोली 25. पाणी भरून लाकडी चौकटीवर ठेवायचं आणि रोज सकाळी ते किती उतरलं ते बघायचं. झालं! आपल्याकडे त्यावर तारेची जाळी बसवतात. नाहीतर पाणी पितात पाखरं आणि खर्च पडतो आभाळाच्या नावावर.

1948 साली इंग्लंडमध्ये रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रातल्या हॉवर्ड पेनमन यांनी भांड्यावाचूनच हिशेब मांडला. उन्हाची ऊर्जा आणि कोरड्या वाऱ्याची ओढ, दोन्ही एकाच समीकरणात! पुढे 1998 मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने त्याच समीकरणाच्या सुधारित रूपातून एक काल्पनिक हिरवळ ठरवून दिली: 12 सेंटिमीटर उंच, कायम ओली. आता जगभरची पिकं या नसलेल्या गवताशी ताडून बघतात. कोवळा गहू त्याच्या सुमारे 0.3 पट पाणी उडवतो, भरात आला की 1.15 पट, आणि पिवळा पडला की पुन्हा खाली.

समजा, गव्हाच्या रानातून दिवसाला सरासरी 3 मिलिमीटर पाणी उडतं. ऐकायला किरकोळ. पण एका हेक्टरवर ते 30,000 लिटर होतं, म्हणजे दहा हजारी तीन टँकर, रोज! एवढ्या पाण्याची वाफ करायला विजेच्या हिशेबात सुमारे 20,000 युनिट ऊर्जा लागते. सूर्य ती देतो आणि बिलही पाठवत नाही.

आता 120 दिवसांचा गहू धरा: 360 मिलिमीटर. आणि कालव्याकडे? 8 टीएमसी पाणी सुमारे 82 हजार हेक्टरांच्या लाभक्षेत्रावर पसरलं तर थर होतो जेमतेम पावणेतीनशे मिलिमीटरचा. तोही धरणाच्या दारापाशी. वाटेत कालवा पाझरतो, चाऱ्या फुटतात, वरच्या अंगाचा शेतकरी हात जरा सैल सोडतो. अर्धं शेतात पोचलं म्हणा: 140 मिलिमीटरच्या आत. साठ-सत्तर मिलिमीटरची एक पाळी, अशा दोनच पाळ्या. (उसाच्या पट्ट्यातल्या वाचकांनी हाच भागाकार आपल्या धरणावर करून पाहावा. करमणूक होईलच असं नाही.)

गव्हाला दोन पाळ्यांत भागत नाही. पेरणीनंतर विसाव्या-एकविसाव्या दिवशी, मुकुटमुळं फुटताना, पहिलं पाणी हवंच. मग फुटवे, ओंबी, चीक, प्रत्येक टप्प्यावर पुन्हा मागणी. मोहरीचं सोटमूळ मात्र खोल उतरून पावसाळ्याने मागे ठेवलेली ओल शोधतं आणि एक-दोन पाण्यांवर दाणे भरतं. म्हणून थंडीत टोंककडे निघालात की दुतर्फा पिवळंच रान दिसतं. मध्येच गव्हाचा हिरवा तुकडा लागला, तर जवळपास विहीर असण्याची शक्यता मोठी.