टप्प्यानंतरचा पाव सेकंद

दिवाळी सरली की मुरबाड तालुक्यात भातकापणी उरकत येते. खळ्यावर झोडणी होते, पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात आणि रिकाम्या झालेल्या खाचरांमध्ये दुसराच हंगाम उभा राहतो. सरळगाव, धसई, टोकावडे, पलीकडे शहापूर तालुक्यात किन्हवली-डोळखांबपर्यंत गावोगाव 'चषक' लागतात. दोन बांध फोडून मैदान केले जाते, भोंगा बांधला जातो, समालोचक आदल्या रात्रीपासून घसा शेकून बसतो. बहुतेक सामने टेनिस चेंडूवर होतात. पण लेदर चेंडूची हौसही वाढते आहे, आणि खाचरातली खेळपट्टी किती धोक्याची आहे हे त्या चेंडूवर खेळताना कळते.

खाचराची माती क्रिकेटसाठी नसते, भातासाठी असते. आवणीआधी चिखलणी करतात तेव्हा मातीची कणीदार घडण मुद्दाम मोडली जाते, म्हणजे पाणी खाली झिरपत नाही. पाऊस संपला की हाच चिखल आकसत वाळतो आणि त्याला भेगा पडतात. वरचा थर ढेकळासारखा कडक, फटीच्या कडा भुसभुशीत, मध्ये मुळांसकट रुतलेली धसकटे आणि एखादे उंदराचे बीळ. त्यावर मुरूम टाकून, पाणी शिंपडून, रूळ फिरवून खेळपट्टी केली जाते. दिसायला ती सपाट असते. पण हाताच्या दोन वितींच्या अंतरात एक जागा दगडासारखी आणि दुसरी उशीसारखी असू शकते. एकाच टप्प्यावरचे दोन चेंडू म्हणूनच एक गुडघ्याला आणि एक गळ्याला येतो.

यात वेगापेक्षा मोठा दोष बेभरवशाचा आहे. हे नीट समजायला थोडे गणित लागते. ताशी १२० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू गोलंदाजाच्या हातापासून फलंदाजापर्यंत साधारण १८ मीटर अंतर कापतो आणि त्याला सुमारे ०.६ सेकंद लागतो. चांगल्या टप्प्यावर, म्हणजे यष्ट्यांपासून सहाएक मीटरवर तो आपटला, तर आपटल्यानंतर बॅटपर्यंत येण्यास त्याला जेमतेम ०.२ सेकंद लागतो. डोळ्याने पाहून, मेंदूने ठरवून हात हलवायला माणसालाही साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे टप्पा पडल्यावर चेंडूने काही वेगळे केले, तर फलंदाजाला ते दिसते, पण त्यावर करण्यासारखे काही उरलेले नसते.

ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ पीटर मॅक्लिओड यांनी १९८७मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच तपासले होते. त्यांनी मॅटिंगच्या खाली लाकडी दांड्या लपवल्या, म्हणजे टप्प्यानंतर चेंडू डावीकडे जाईल की उजवीकडे हे आधी कळूच नये. समोर फलंदाज होते इंग्लंडकडून कसोटी खेळलेले. चित्रफितीवर मोजल्यावर दिसले, की चेंडूने दिशा बदलल्यानंतर सुमारे ०.२ सेकंदांच्या आत यांच्याही बॅटची दिशा बदलत नव्हती. कसोटीपटूंचे डोळे सामान्य माणसापेक्षा जलद चालत नाहीत, हा निष्कर्ष अनेकांना पचला नाही. मग ते खेळतात कसे? मायकेल लँड आणि मॅक्लिओड यांनी २०००मध्ये फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. चेंडू सुटल्यानंतर थोड्याच वेळात फलंदाजाची नजर चेंडूला मागे टाकून तो जिथे टप्पा घेणार त्या जागेवर आधीच जाऊन थांबते, आणि चांगल्या फलंदाजाची नजर तिथे लवकर पोहोचते. फलंदाजी हा अंदाजाचा खेळ आहे, आणि हा अंदाज खेळपट्टीच्या शब्दावर बांधलेला असतो. खेळपट्टीने शब्द मोडला की फलंदाज उघडा पडतो.

म्हणून आखूड टप्प्याचा बाउन्सर दिसायला भीतिदायक असला, तरी त्यात वाकायला वेळ मिळतो. यष्ट्यांपासून दहा मीटरवर आपटलेला चेंडू फलंदाजापर्यंत यायला सुमारे ०.३५ सेकंद घेतो. खरी भीती असते ती पुढे पाय टाकून खेळायच्या चेंडूची, जो अचानक उसळून हनुवटीकडे येतो. तेव्हा फलंदाजाचे डोके खाली, पुढे, चेंडूच्या वाटेतच असते.

क्रिकेटने हे फार पूर्वी किंमत मोजून शिकून घेतले आहे. लॉर्ड्सची खेळपट्टी १८६०च्या दशकात खड्यांसाठी कुप्रसिद्ध होती. १८७०मध्ये तिथेच नॉटिंगहॅमशायरच्या जॉर्ज समर्स याच्या डोक्याला चेंडू लागला आणि चार दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. त्याच्यानंतर खेळायला आलेला रिचर्ड डाफ्ट डोक्याला टॉवेल गुंडाळून उतरला होता. शिरस्त्राणाचा तो बहुधा पहिला, आणि थोडा उपहासाचाही, अवतार.

भारतीयांच्या आठवणीत कोरला गेला तो १९७६चा जमैकातील सबाइना पार्कवरचा सामना. एका टोकाकडून उसळी बेभरवशाची, समोर मायकेल होल्डिंग, आणि डोक्यावर फारतर टोपी. बडोद्याच्या अंशुमन गायकवाड यांनी साडेसात तास उभे राहून ८१ धावा केल्या आणि शेवटी चेंडू त्यांच्या डाव्या कानावर आदळला. रुग्णालयात न्यावे लागले, पुढे कानावर शस्त्रक्रियाही झाल्या. गुंडाप्पा विश्वनाथ यांचे बोट मोडले, ब्रिजेश पटेल यांच्या तोंडावर चेंडू बसला. कर्णधार बिशनसिंग बेदी यांनी ६ बाद ३०६वर डाव सोडला. दुसऱ्या डावात भारताचे पाच फलंदाज खेळायला आलेच नाहीत आणि डाव ९७वर संपला. त्या काळी यावर चर्चा झाली ती गोलंदाजांच्या आक्रमकपणाची. खेळपट्टीवर बोट ठेवायला आणखी वीसेक वर्षे जावी लागली.

इंदूरला २५ डिसेंबर १९९७ रोजी भारत-श्रीलंका एकदिवसीय सामना अवघ्या तीन षटकांनंतर थांबवण्यात आला. महिनाभरानेच, २९ जानेवारी १९९८ला, पुन्हा सबाइना पार्क. इंग्लंड ३ बाद १७. तासाभरात फिजिओ सहा वेळा मैदानात धावला आणि १०.१ षटकांनंतर कसोटी रद्द झाली. खेळपट्टी धोकादायक म्हणून सोडून दिलेली ती पहिली कसोटी. दिल्लीच्या फिरोजशाह कोटलावर २७ डिसेंबर २००९ला हेच झाले. श्रीलंका ५ बाद ८३, २३.३ षटके आणि खेळ बंद. या प्रत्येक ठिकाणी प्रशिक्षित कर्मचारी होते, रोलर होते, महिनोन्‌महिने मशागत झाली होती. तरीही माती फसवू शकते. मग आठवडाभरात उभ्या केलेल्या खाचरातल्या खेळपट्टीकडून किती अपेक्षा करायची?

एक गंभीर इजा मात्र खेळपट्टीने केलेली नव्हती, आणि गावातल्या आयोजकांनी ती गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे. मार्च १९६२मध्ये बार्बाडोसविरुद्ध खेळताना भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू आदळला. मैदानावर तेव्हा साइटस्क्रीन नव्हता. गोलंदाजाच्या मागे पॅव्हिलियनची एक खिडकी कोणीतरी उघडली आणि नजर क्षणभर तिकडे गेली, असे कॉन्ट्रॅक्टर यांनी नंतर सांगितले. कवटी फुटली, शस्त्रक्रिया करावी लागली, सहा दिवस शुद्ध नव्हती. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिले. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनीही दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुन्हा प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले, पण कसोटी पुन्हा मिळाली नाही. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी २०२२मध्ये, साठ वर्षांनी, काढण्यात आली. आता चषकाच्या मैदानाकडे पाहा: गोलंदाजाच्या मागेच पांढरा मंडप, त्यात हलणारी माणसे, मागून जाणाऱ्या मोटारसायकली. कापडी पडदा दोन बांबूंवर ताणायला फारसा खर्च येत नाही.

हेल्मेट आले ते १९७७च्या सुमारास. त्यापूर्वी आणि नंतरही सुनील गावसकर यांच्यासारखे खेळाडू त्याविना खेळले. गावसकरांनी पुढे टोपीखाली कवटीला बिलगणारे पातळ कवच वापरले. २५ नोव्हेंबर २०१४ला सिडनीत हेल्मेट घातलेल्या फिल ह्यूजच्या मानेवर, हेल्मेटच्या खाली, चेंडू बसला. मेंदूकडे जाणारी धमनी फाटून रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. तेव्हापासून हेल्मेटच्या मागे मानेचे संरक्षक पट्टे आले. १ ऑगस्ट २०१९पासून मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूऐवजी बदली खेळाडू घेण्याची मुभा आंतरराष्ट्रीय सामन्यांत मिळाली. गावच्या चषकात अकरा जणांमध्ये एखादेच हेल्मेट असते, आणि बाद झालेला ते पुढच्याला देतो. एकाच्या मापाचे हेल्मेट दुसऱ्याच्या डोक्यावर डुगडुगते. ते नाममात्र संरक्षण आहे.

टेनिस चेंडू हलका म्हणून निर्धास्त राहणेही बरोबर नाही. तो सुमारे ५८ ग्रॅमचा, लेदरचा सुमारे १६० ग्रॅमचा, म्हणजे त्याच वेगाने लेदरचा चेंडू जवळपास पावणेतीन पट ऊर्जेने आदळतो. डोक्याची कवटी फुटण्याचा धोका टेनिस चेंडूत कमी, हे खरे. पण डोळ्यांना तो सोडत नाही. नरम चेंडू दाबला गेला की डोळ्याच्या खोबणीत घुसतो आणि डोळ्यात रक्त साकळणे किंवा पडदा सरकणे, असे परिणाम होतात. स्थानिक स्पर्धांत वापरला जाणारा जड टेनिस चेंडू तर या दोहोंच्या मधला आहे.

डोक्याला चेंडू लागल्यावर काय होते, हा भाग गावकऱ्यांनी नीट समजून घ्यावा. कानाच्या वर-पुढे कवटी पातळ असते आणि तिच्या आतल्या बाजूने एक रक्तवाहिनी जाते. हाड तडकले की ती फाटू शकते. खेळाडू क्षणभर गोंधळतो, पाणी पितो, "काही नाही झालं" म्हणत पुन्हा उभा राहतो. आत रक्त साठत असते. तासा-दोन तासांत डोके दुखू लागते, उलटी होते, झोप यायला लागते, बोलणे अडखळते, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसते. झोप येते म्हणून त्याला घरी नेऊन झोपवणे, ही सर्वांत मोठी चूक. मार बसलेल्या त्या दिवशी पुन्हा खेळायचे नाही. वेदनेसाठी अ‍ॅस्पिरिन द्यायचे नाही. मान दुखत असेल तर उचलून नेण्याची घाई करायची नाही. १०८ला फोन करायचा. मेंदूवर शस्त्रक्रिया करणारे केंद्र गाठायचे तर मुरबाडहून कल्याणलाच सुमारे ३० किलोमीटर आहे, टोकावड्याहून त्याहून बरेच जास्त. 'थांबून बघू' म्हणत गेलेला एक तास त्या प्रवासात भरून निघत नाही.

मैदानात एकच सामना असावा, हेही सांगावे लागते. मुंबईत माटुंग्याच्या मैदानावर जानेवारी २०२४मध्ये क्षेत्ररक्षण करणाऱ्या ५२ वर्षांच्या खेळाडूचा शेजारच्या सामन्यातील चेंडू डोक्याला लागून मृत्यू झाला. मैदान भाड्याने मिळते तेव्हा एकाऐवजी दोन सामने बसवण्याचा मोह सगळीकडेच होतो.

क्रिकेटच्या नियमांत पंचांना हक्क आहे: खेळपट्टीवर खेळणे धोक्याचे वाटले तर खेळ थांबवायचा, आणि दोन्ही कर्णधार राजी असतील तर दुसऱ्या खेळपट्टीवर तो सुरू करायचा. गावच्या पंचाला तो वापरायला धीर लागतो, कारण भोंग्यावर बक्षिसाची रक्कम पुकारून झालेली असते. म्हणून काम आदल्या संध्याकाळीच व्हावे. इंग्लंडमध्ये खेळपट्टी तपासताना सुमारे पाच मीटर उंचीवरून चेंडू सोडून त्याची उसळी मोजण्याची रीत आहे. गावात खांद्याच्या उंचीवरून लेदरचा चेंडू दर वितीवर सोडला तरी पुरेसे कळते. जिथे तो सभोवतीपेक्षा कमी वा जास्त उसळेल तिथे चुन्याची खूण करावी, ती जागा खणून मऊ झालेली माती काढून बारीक माती भरावी, पाणी मुरू द्यावे, आणि ओल उरली असतानाच रूळ फिरवावा. खुणा खूप झाल्या तर उद्याचा सामना टेनिस चेंडूवर घ्यावा.