बांधकामावरील पोशाख व संरक्षक साधने : निवड कशी करावी?

महाराष्ट्रात आज घरे, रस्ते, उड्डाणपूल, कालवे आणि मेट्रोचे मार्ग यांची कामे मोठ्या प्रमाणावर चालू आहेत. या कामांवर गवंडी, सुतार, सळया बांधणारे, लादी बसविणारे, वेल्डर, वायरमन, रंगारी आणि बिगारी अशा नाना कसबांचे कामगार राबत असतात. कारखान्यातील कामगारास निदान ठरावीक छप्पर आणि ठरावीक यंत्र लाभते. बांधकामाची जागा मात्र रोज पालटत असते. काल जेथे सपाट जमीन होती तेथे आज खोल पाया खणलेला असतो, आणि काल जेथे परांची होती तेथे आज उघडी कड असते. साहजिकच या कामगाराला संरक्षणाचा काही भाग स्वतःच्या अंगावरच बाळगावा लागतो.

हे संरक्षण कसे निवडावे याचा विचार मात्र फारसा होत नाही. पुष्कळ ठिकाणी हेल्मेट, बूट व हातमोजे एकाच मापाचे, एकाच प्रकारचे आणि एकगठ्ठा आणले जातात. आठवड्याभरात त्यांतील निम्मे सामान खोपटातील खुंटीवर जाऊन बसते, आणि कामगारांना सुरक्षिततेची पर्वाच नाही असा बोल लावला जातो. वस्तुतः चावणारे बूट, डोळ्यांवर घसरणारे हेल्मेट आणि हातातील थापी धरू न देणारा हातमोजा दिवसभर कोणीही वापरणार नाही. जे साधन अंगावर राहत नाही, ते कितीही भक्कम असले तरी निरुपयोगीच होय. यास्तव साधन निवडताना कामातील धोका, वापरणाऱ्याचे शरीर आणि तेथील हवामान या तिन्ही गोष्टींचा एकत्रित विचार करणे अगत्याचे आहे.

साधन ही अखेरची फळी

संरक्षक साधन अपघात टाळत नाही. अपघात झाल्यास इजा कमी करते. म्हणून कठडे, जाळ्या, खणलेल्या बाजूंना आधार, पुरेसा प्रकाश आणि सळयांच्या उघड्या टोकांना टोप्या ही व्यवस्था आधी झाली पाहिजे. दगड कापताना पाण्याची धार सोडली तर धूळ पुष्कळच कमी उठते, आणि मग मुखपट्टीवरचा भारही हलका होतो. एवढे करूनही जो धोका उरतो, त्यासाठी अंगावरचे साधन असते. कठडा न बांधता नुसता पट्टा देणे म्हणजे मालकाची जबाबदारी कामगाराच्या अंगावर टाकण्यासारखे आहे.

कपडे

अंगमेहनतीच्या जाड्याभरड्या पोशाखाशी मुंबईचे जुने नाते आहे. इंग्रजीतील ‘डंगरी’ हा शब्द मुंबईतील डोंगरी या भागाच्या नावावरून आला असे मानले जाते. तेथे विकले जाणारे जाड सुती कापड खलाशी आणि कष्टकरी वापरत असत. आजही बांधकामासाठी घट्ट तिरप्या विणीचे सुती कापड, म्हणजे ड्रिल किंवा डेनिम, उत्तम ठरते. सुतात थोडे पॉलिस्टर मिसळलेले कापड अधिक टिकते व लवकर वाळते. पण वेल्डिंग किंवा कापणीयंत्राच्या ठिणग्यांजवळ ते वापरू नये. कृत्रिम धागा उष्णतेने वितळून कातडीला चिकटतो आणि भाजलेली जखम अधिक खोल होते. वेल्डरने निव्वळ सुती कपडे व त्यांवर चामड्याचा एप्रन वापरावा. त्याची पँट खाली दुमडलेली नसावी, कारण त्या घडीत ठिणग्या साचतात.

कपडा विकत घेताना कापडाइतकेच शिवणीकडे पाहावे. काखेत आणि पँटच्या मध्यभागी दुहेरी किंवा तिहेरी शिवण, खिशांच्या कोपऱ्यांवर पक्के टाके आणि लादी बसविणाऱ्यासाठी गुडघ्यांवर दुहेरी कापड असावे. बाह्या पूर्ण लांबीच्या असाव्यात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेथे पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा उघड्या अंगापेक्षा अधिक सुखावह ठरतो, कारण ऊन थेट कातडीवर पडत नाही आणि घाम टिपला जातो. काँक्रीट मिक्सर, लिफ्ट किंवा करवत यांजवळ मात्र सैल टोके, उपरणे, पदर किंवा ओढणी लोंबकळता कामा नये.

रस्त्यावर आणि वाहनांच्या वर्दळीत चमकदार रंगाचे जाकीट आवश्यक असते. त्याचा पिवळा किंवा नारिंगी रंग दिवसा उपयोगी पडतो आणि चंदेरी पट्ट्या रात्री दिव्याचा प्रकाश परतवितात. वारंवारच्या धुण्याने व सिमेंटच्या राबाने पट्ट्या निकामी होतात. अंधारात थोड्या अंतरावरून विजेरीचा झोत टाकल्यास पट्टी उजळते की नाही हे लगेच कळते.

डोके आणि पाय

हेल्मेटचे खरे काम दोन भाग मिळून करतात. बाहेरचे कवच आघात पसरविते, तर आतील पट्ट्यांची जाळी तो शोषून घेते. कवच आणि डोके यांच्यामध्ये राहिलेली पोकळी हीच डोक्याची ढाल असते. त्या पोकळीत विडी-काडी, रुमाल वा भ्रमणध्वनी ठेवल्यास ती निरर्थक होते. हनुवटीचा पट्टा बांधला नसेल तर तोल जाताच हेल्मेट डोक्याआधी खाली पडते. औद्योगिक हेल्मेटसाठी भारतीय मानक आयएस २९२५ आहे. दुचाकीचे हेल्मेट त्याला पर्याय होऊ शकत नाही. उन्हातील अतिनील किरणांनी प्लॅस्टिक ठिसूळ होते, म्हणून कवचाच्या आत कोरलेली उत्पादनाची तारीख पाहावी. रंग किंवा थिनर लावलेले, भेग गेलेले अथवा एकदा मोठा आघात सोसलेले हेल्मेट बाद करावे, मग ते वरकरणी धड दिसले तरीही.

सुरक्षा पादत्राणांसाठी आयएस १५२९८ हे मानक आहे. त्याच्या दुसऱ्या भागातील बुटाच्या पुढच्या टोपीने २०० ज्यूल इतका आघात सोसावा लागतो. सुमारे २० किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडल्यास इतकी ऊर्जा निर्माण होते. सेंट्रिंगच्या कामात मात्र पायावर पडणाऱ्या वस्तूपेक्षा खालून घुसणारा खिळा अधिक घातक असतो. म्हणून सुताराने तळव्यात पोलादी किंवा तत्सम अभेद्य पत्रा असलेला बूट मागून घ्यावा. पॉलियुरेथेनचा तळ हलका असतो, पण दमट हवेत बराच काळ पडून राहिल्यास तो आपोआप भुगा होऊ लागतो. कोकणात अशा बुटांचा जुना साठा घेऊ नये. डांबराच्या कामाला उष्णता सोसणारा रबरी तळ हवा, तर ओल्या काँक्रीटमध्ये उभे राहायचे असल्यास गमबूटच हवेत. बुटांचे माप दुपारनंतर, मोजे घालून घ्यावे, कारण दिवसभर उभे राहून पाय किंचित सुजतात. वर्षानुवर्षे अनवाणी किंवा चपलेवर वावरलेले पाऊल पुढे रुंद असते, म्हणून लांबीबरोबर रुंदीही पाहावी.

हात, डोळे आणि श्वास

ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा सामू १२ ते १३ इतका असतो. त्यामुळे कातडी हळूहळू भाजते आणि त्यातील क्रोमियममुळे काहींना कायमची ॲलर्जी जडते. एकदा ती जडली की अनुभवी गवंड्यालाही धंदा सोडण्याची पाळी येऊ शकते. येथे सुती हातमोजा अपायकारकच ठरतो, कारण तो ओलावा शोषून कातडीला लावून धरतो. नायट्राइल किंवा पीव्हीसीचे आवरण असलेले मोजे वापरावेत आणि काम संपताच हात स्वच्छ पाण्याने धुवावेत. सळया बांधणाऱ्याला चामड्याचे किंवा कापण्यास विरोध करणारे मोजे लागतात. वायरमनला त्या त्या विद्युतदाबासाठी तपासलेले रबरी मोजे लागतात. वापरापूर्वी त्यांत हवा कोंडून छिद्र नाही ना हे पाहावे. फिरत्या यंत्राजवळ मात्र मोजा गुरफटून हात ओढला जाण्याची भीती असते. तेथे मोजा न घालणेच शहाणपणाचे.

ग्रॅनाइट, काँक्रीट किंवा वाळूयुक्त दगड कोरडा कापताना सिलिकाची धूळ उडते. तिचे घातक कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असतात. ते फुप्फुसांत खोलवर जाऊन बसतात आणि सिलिकोसिस हा विकार निर्माण करतात. या विकारावर उपाय नाही. तो होऊ न देणे एवढेच हाती असते. नाकातोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवू शकत नाही. त्यासाठी आयएस ९४७३ या मानकाची, किमान एफएफपी-२ वर्गाची मुखपट्टी घ्यावी. नाकावरची पट्टी दाबून बसवावी. दाढीमुळे कडेला फट राहते आणि हवा गाळणीऐवजी फटीतून आत शिरते, हेही ध्यानात ठेवावे. कापणीयंत्रावर डोळ्यांसाठी बाजूंनी बंद चष्मा आणि त्यावर चेहऱ्याची ढाल अशी दोन्ही साधने लागतात. शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर कानांनाही संरक्षणाची गरज आहे असे समजावे.

उंचीवरील काम

सुमारे दोन मीटरहून अधिक उंचीवर काम करताना पडण्यापासून संरक्षण हवेच. कमरेचा साधा पट्टा या कामी वापरू नये. झटका बसताच सारा भार पोटावर व मणक्यावर येतो. खांदे, छाती आणि मांड्या यांवर भार वाटून देणारा पूर्ण शरीराचा हार्नेस घ्यावा. त्याचे मानक आयएस ३५२१ होय. दोराबरोबर धक्का शोषणारी पट्टी असावी. या दोराचे गणित पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दोर १.८ मीटरचा असेल, धक्काशोषक उलगडून सुमारे एक मीटर वाढत असेल, तर माणसाची उंची व थोडी मोकळी जागा धरून खाली जवळजवळ ६ मीटर अंतर लागते. पहिल्या मजल्याच्या कडेवर पायाशी अडकविलेला दोर ताणला जाण्यापूर्वीच माणूस जमिनीवर आदळलेला असतो. यास्तव हूक शक्य तेवढा डोक्याच्या वर, भक्कम तुळईला किंवा स्वतंत्र जीवनदोरीला लावावा. परांचीच्या बांबूला कदापि लावू नये. एकदा माणसाचा झटका झेललेला हार्नेस पुन्हा वापरू नये. तसेच लटकत राहिलेल्या माणसाला त्वरित खाली घेण्याची योजना आधीच ठरलेली असावी, कारण पट्ट्यांत निश्चल लटकल्याने रक्ताभिसरण मंदावून जिवाला धोका संभवतो.

स्त्री कामगारांचा विचार

बांधकामावरील बहुतेक साधने पुरुषांच्या मापाने बनलेली असतात. आपल्याकडे मात्र घमेली वाहणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. त्यांच्या पावलांना पुरुषांच्या मापाचे बूट सैल होतात आणि फळीवरून चालताना घसरण्याची भीती उलट वाढते. हार्नेसच्या मांडीपट्ट्या साडीवर नीट बसत नाहीत. साडीवर पुरुषी सदरा घालण्याची पद्धत स्त्रियांनी स्वतःच शोधून काढली. पदर आवरला जावा आणि अंग झाकले जावे हा तिच्यामागील हेतू आहे, आणि कामाचा पोशाख ठरविताना तिचा आदर झाला पाहिजे. सलवार-कमीज किंवा पँटवर लांब सदरा, लहान मापाचे बूट आणि अंबाड्याला जागा देणारे, मागे चाक फिरवून घट्ट करता येणारे हेल्मेट ही मागणी अवास्तव नाही.

हेल्मेट आणि चुंबळ यांचा प्रश्न त्याहून मूलभूत आहे. डोक्यावर चुंबळ ठेवून घमेले वाहायचे असेल तर हेल्मेट उतरवावेच लागते, आणि नेमक्या त्याच वेळी ती स्त्री परांचीखालून ये-जा करीत असते. येथे दोष तिचा नाही. हातगाडी किंवा माल चढविणारी लिफ्ट आणली की डोके मोकळे होते व हेल्मेट डोक्यावर राहते. साधन वापरले जावे असे वाटत असेल, तर कामाची पद्धतही बदलावी लागते ती अशी.

स्वस्त काय आणि महाग काय?

समजा, ८०० रुपयांचा बूट चार महिने टिकला आणि १,५०० रुपयांचा बारा महिने. पहिल्याचा खर्च महिन्याला २०० रुपये पडतो, दुसऱ्याचा १२५ रुपये. खरेदी करताना किमतीला टिकण्याच्या महिन्यांनी भागण्याची सवय ठेवल्यास टिकाऊ माल महाग नसल्याचे आढळून येते. आयएसआय चिन्हाखाली छापलेला परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पडताळता येतो. मोठी खरेदी करण्यापूर्वी दोन-चार नमुने प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना आठवडाभर वापरायला द्यावेत आणि त्यांचे मत घ्यावे. ऊन, तेल आणि चुना यांपासून दूर, सावलीत टांगून ठेवलेली साधने अधिक काळ टिकतात.

अधिकार आणि कर्तव्य

बांधकाम कामगारांसाठी केंद्र शासनाने १९९६ साली स्वतंत्र कायदा केला. त्यातील सुरक्षाविषयक तरतुदी पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत समाविष्ट करण्यात आल्या. सुरक्षिततेसाठी दिलेल्या कोणत्याही गोष्टीचा आकार कामगाराकडून घेता येत नाही, असे या संहितेने स्पष्ट केले आहे. म्हणजेच हेल्मेटचे पैसे मजुरीतून कापणे बेकायदेशीर आहे. त्याचबरोबर दिलेले साधन नीट वापरणे हे कामगाराचेही कर्तव्य ठरते. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाने नोंदित कामगारांना सुरक्षा संच देण्याची योजना राबविली आहे. १८ ते ६० वर्षे वयाच्या आणि मागील वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगारांनी मंडळाकडे नोंदणी करून घेणे हिताचे आहे. नाक्यावर उभे राहून रोज नवा मालक शोधणाऱ्या कामगारांस तर ही नोंदणी अधिकच मोलाची होय, कारण त्यांच्या सुरक्षिततेची काळजी वाहणारा कायमचा मालक त्यांना नसतो.

इमारतीच्या खर्चात सिमेंट आणि पोलाद यांचा हिशेब काटेकोरपणे मांडला जातो. कामगारांची साधने त्याच अंदाजपत्रकात, त्यांची मापे विचारून आणि त्यांच्या पसंतीने समाविष्ट झाली, तर ती खुंटीवर न राहता अंगावर राहतील. सकाळी कामावर आलेला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी परतावा, एवढाच या साऱ्या निवडीचा हेतू आहे.