बेटावरची घरटी मोजायची कशी?

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर.

मी बारामतीचा, कामाने सॉफ्टवेअरवाला. एका एप्रिलमध्ये इंदापूर तालुक्यातल्या कुंभारगावहून होडीने उजनीच्या पाण्यात गेलो. धरणाचं पाणी उतरलं की मधे बेटं उघडी पडतात, आणि तिथे नदी सुरय अंडी घालतो. पिवळी चोच, काळी टोपी, लाल पाय. घरटं म्हणजे जमिनीत उकरलेला उथळ खळगा, बस्स. जगभर हा पक्षी घटतोय. आययूसीएनच्या लाल यादीत तो ‘असुरक्षित’ आहे. म्हटलं, आपण मोजूया.

बेटावर उतरलो आणि एक, दोन, तीन सुरू केलं. सगळे पक्षी डोक्यावर ओरडत फिरायला लागले. होडीवाले मामा म्हणाले, “दादा, तुम्ही हितं उभं हाय तवर ती खाली बसत न्हाईत. अंडी भाजत्यात उन्हात.” आईबाप अंड्यांवर सावली धरतात, पोट भिजवून आणून ती गार ठेवतात. माझ्यामुळे ते सगळं बंद पडलं होतं. गपचूप होडीत परतलो.

मग मोजायचं कसं? लांबून, होडीतूनच, बसलेले पक्षी मोजायचे. पण काही नजरेतून सुटतातच. त्यावर युक्ती अशी: दोघांनी एकमेकांना न सांगता मोजायचं आणि प्रत्येक घरटं बेटाच्या फोटोवर टिपायचं. समजा मला २४ दिसली, मित्राला २०, आणि त्यातली १६ दोघांनाही दिसली. म्हणजे मित्राच्या २० पैकी १६ मी पकडली. माझी नजर ८० टक्के. २४ भागिले ०.८, म्हणजे अंदाजे ३० घरटी.

स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटांवर काम याहून अवघड. तिथला लीच स्टॉर्म पेट्रेल हा समुद्रपक्षी बिळात राहतो, बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून बिळाच्या तोंडाशी त्याच्याच आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवतात. आतून उत्तर आलं की एक घरटं. पण पिंगला उत्तर नाही म्हणजे सर्व्हरच नाही, असं नसतं ना? तसंच इथे. किती टक्के पक्षी उत्तर देतात ते आधी तपासून आकडा दुरुस्त करतात. अशा मोजणीतूनच कळलं की तिथल्या डून बेटावर २००३ ते २०१९ मध्ये हे पक्षी सुमारे ६८ टक्क्यांनी घटले.

एकदा मोजून घट कळत नाही. दरवर्षी, त्याच दिवसांत, त्याच पद्धतीने मोजावं लागतं. आणि मोजणाऱ्यानेच वसाहत उधळली, तर आकड्याचा उपयोग काय?

एप्रिल-मेमध्ये भिगवणला गेलात तर बेटावर पाय ठेवू नका. रील होडीतूनच काढा. भेटू पुढच्या भागात!