ठेव संपली, वृद्धाश्रमाची फी सुरूच

आईची मुदत ठेव मोडून वृद्धाश्रमाची फी भरणाऱ्या घरात एक दिवस हिशेब उघडा पडतो. पेन्शनमध्ये निम्मी फीसुद्धा बसत नाही आणि बँकेत सहा महिने पुरतील एवढेच पैसे उरलेले असतात. डायपर, औषधं, रात्रीची आया हे वेगळंच. मग सल्ले येऊ लागतात. माझ्या आत्याच्या वेळी ते सगळे मी ऐकले, आणि त्यातले बरेच चुकीचे निघाले.

"घर आहे ना तिच्या नावावर? रिव्हर्स मॉर्गेज करा, बँक दरमहा पैसे देईल." हा सल्ला सर्वांत महागात पडू शकतो. साठी उलटलेल्यांसाठीची ही योजना स्वतःच्या घरात राहणाऱ्यांसाठी आहे. कर्जदार कायमचा वृद्धाश्रमात गेला की कर्ज परतफेडीला येतं. सहकर्जदार जोडीदार घरात राहत असेल, तरच ते थांबतं. एकट्या आईचं घर भाड्याने द्यायचं किंवा विकायचं, एवढेच मार्ग उरतात, आणि तेही तिला व्यवहार कळतो तोवरच सोपे. "मुखत्यारपत्र करून ठेवलंय" म्हणून निर्धास्त राहू नका. स्मृतिभ्रंशाने तिची समज गेली की ते मुखत्यारपत्र कायद्याने संपतं. मग पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावं लागतं, आणि फी तोवर थांबत नाही. स्मृतिभ्रंशाचं निदान झालं की त्याच आठवड्यात वकिलाला भेटा, हे मी कळकळीने सांगते.

आयुष्मान कार्डाचंही तसंच. 2024 पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. पण ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी. वृद्धाश्रमातला मुक्काम त्यात बसत नाही.

"मुलगी सासरी गेली, तिचा काय संबंध?" हे तर अजून सर्रास ऐकू येतं. विवाहित मुलीवरही आई-वडिलांच्या पोटगीची जबाबदारी असते, असं सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्येच सांगितलंय. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडं येतात, सून-जावई नाहीत. माझ्या आत्याला मूलबाळ नव्हतं. अशा वेळी ऐपत असलेला जो नातेवाईक मालमत्ता ताब्यात ठेवतो किंवा वारसाहक्काने घेणार असतो, त्याच्यावर भार येतो. वारस अनेक असतील तर वाट्याच्या प्रमाणात. जमिनीचा सात-बारा सगळ्यांच्या लक्षात राहतो, ही तरतूद मात्र फार थोड्यांना माहीत असते.

पण "कोर्टात गेलं की पूर्ण फी मिळेल" हेही खरं नाही. या कायद्याखाली महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये मिळू शकतात. आई किंवा वडील असाल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथे अशी मर्यादा नाही, पण वेळ लागू शकतो. दोन्हीकडे एकदम दावा करता येत नाही, म्हणून आधी विचार करून निवडा.

ज्येष्ठांच्या कायद्याखालचा अर्ज प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे करायचा. आईला जाणं जमत नसेल, तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित असतो. फार तर आणखी 30. निकालापर्यंतच्या महिन्यांसाठी अंतरिम निर्वाहभत्ता मागता येतो; ती मागणी अर्जातच लिहा. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल, तर 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फोन करा.