आधी दुकान, मग सायकल

गावात नवी सायकल घ्यायची ठरली की चर्चा रंगते ती कंपनीवर, गिअर किती यावर आणि किमतीवर. सायकल कुठून घ्यायची हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, आणि जिथे थोडे पैसे वाचतात तिथून, असा त्याचा निकालही लगेच लागतो. खेड्यात राहणाऱ्यांनी हा क्रम उलटा करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. शहरात एका मिस्त्रीशी जमलं नाही तर पुढच्या चौकात दुसरा असतो. खेड्यात मात्र चाक आऊट झालं की सायकल हाताने ढकलत नेता येईल एवढ्या अंतरावर जे दुकान आहे, तेवढंच दुकान उपयोगाचं. त्यापलीकडचं दुकान म्हणजे एक दिवस, एसटीचं भाडं आणि सायकल टपावर चढवण्याची खटपट.

दुकानाला एवढं महत्त्व द्यायचं खरं कारण सायकल तयार कशी होते यात आहे. लुधियानासारख्या ठिकाणच्या कारखान्यांतून निघालेली साधी सायकल दुकानदाराकडे बहुतेक वेळा सुट्या भागांतच येते. चाकात तारा भरणं, त्या ताणून रिम सरळ करणं, छर्ऱ्यांना ग्रीस लावणं, ब्रेक बसवणं ही कामं मिस्त्री करतो. त्यामुळे एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन सायकली दोन दुकानांतून घेतल्या तर त्या दोन वेगळ्या सायकली असू शकतात. ऑनलाइन मागवलेलं खोकं घरी आलं तरी हँडल, पुढचं चाक आणि पेडल कुणाला तरी जोडावीच लागतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. हे माहीत नसलेल्या माणसाने जोर लावून ते सुलट पिळलं की क्रँकचे आटे जातात आणि नव्या सायकलचा खर्च पहिल्याच दिवशी सुरू होतो. बरं, जोडणी चोख झाली तरी काम संपत नाही. नव्या चाकाच्या तारा पहिल्या काही आठवड्यांत जागेवर बसतात आणि ढिल्या पडतात, ब्रेकची केबलही सैलावते. तेव्हा तारा पुन्हा ताणल्या नाहीत तर चाक लवकर बिघडतं. लांबून स्वस्तात घेतलेली सायकल या पहिल्या दुरुस्तीसाठी परत नेली जात नाही, आणि वाचवलेले पैसे नेमके तिथेच जातात.

म्हणून दुकान पारखताना पुढे टांगलेल्या चकचकीत सायकली पाहू नयेत, मागचा कोपरा पाहावा. दुरुस्तीला आलेल्या सायकली तिथे आहेत का? रिम फिरवून तपासायचा स्टँड आहे का? मग एक साधा प्रश्न विचारावा: ‘या सायकलचा टायर आणि ट्यूब आत्ता शिल्लक आहे का?’ हा प्रश्न वाटतो त्याहून मोलाचा आहे. २६ × १ ३/८ आणि २६ × १.९५ हे दोन्ही टायर ‘सव्वीसचे’ म्हणूनच मागितले जातात, पण पहिल्याची रिमवर बसणारी कड ५९० मिलिमीटर व्यासाची, तर दुसऱ्याची ५५९. एक दुसऱ्याच्या जागी बसतच नाही. जे माप आजूबाजूच्या दहा गावांत चालतं, तेच आपलं माप.

यावर आक्षेप येईल की गावच्या मिस्त्रीला गिअर आणि डिस्क ब्रेक कुठे कळतात? मग खेड्यातल्या मुलांनी कायम काळ्या सायकलीच चालवायच्या का? आक्षेपात तथ्य आहे. रोज लांब पल्ला किंवा घाट असेल तर गिअर हवेतच, आणि त्यासाठी जिल्ह्याच्या गावी जाणंही योग्य. पण तिथेही घेण्याचा क्रम तोच. मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो तो हँगर सायकल पडली, टपावर आपटली की वाकतो, आणि बऱ्याचदा तो त्या-त्या मॉडेलपुरताच असतो. तेव्हा एक जादा हँगर सायकलबरोबरच देणारा आणि गिअरची केबल कशी ताणायची ते हातात पाना देऊन शिकवणारा दुकानदार शोधावा. त्याने दोनशे रुपये जास्त घेतले तर आनंदाने द्यावेत. पाच-सहा किलोमीटरवरच्या शाळेत जायला मात्र गिअर नसलेली, मडगार्ड, कॅरियर आणि चेनकव्हर असलेली सायकलच बरी. चिखलात तिची चेन टिकते आणि तिचे भाग तालुक्यात कुठेही मिळतात.

मुलींच्या बाबतीत हा विचार अधिकच काळजीने करायला हवा. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकलसाठी मदत मिळते, ती शाळा सुटू नये म्हणून. सायकल आठवडाभर ओसरीत पडून राहिली तर शाळेतला तेवढाच आठवडा बुडतो, आणि पंक्चर काढायला दुकान पुढच्या गावात असेल तर घरातून ‘राहू दे’ असं ऐकायला मिळण्याची शक्यता वाढते. शक्य असेल तिथे ही खरेदी शाळा उघडण्याच्या तोंडावर करू नये. तेव्हा दुकानात झुंबड असते आणि जोडणी घाईत उरकली जाते. मे महिन्यात सायकल घेतली, महिनाभर गावात फिरवली, आणि शाळा भरण्याआधी त्याच दुकानात तारा आवळून घेतल्या, तर पावसाळ्याच्या पहिल्या चिखलात ती सायकल नीट तयार होऊन उतरते.